मंगळवारची इंजेक्शनं

बुधवार, १४ मार्च १९७३

आमच्या दवाखान्यातल्या काविळीच्या रुग्णांची नोंदवहीतली सगळी माहिती पुण्याला कॉम्प्युटरवर घातली होती. आज नगरहून आरोग्य खात्याचे साहेब तिथली छापील यादी घेऊन आले. मला वाटलं, दोष विहिरीच्या पाण्याचा निघेल. पण सगळ्यांनी आजाराआधी मंगळवारी इंजेक्शन घेतलेलं! मंगळवारी मीच टोचते. बाजारची गर्दी, म्हणून सुया नीट उकळत नव्हते. हे फक्त मला ठाऊक होतं. यंत्रानं कसं हुडकलं?

साहेबांना खरं सांगितलं. मग काविळीतून उठलेल्या सखूबाईंकडे गेले.

"मावशी, माझ्या सुईनंच झालं हो."

त्या हळूच म्हणाल्या, "नर्सबाई, काल माज्या नातीलाबी तुमीच टोचलं न्हवं?"

काल मंगळवारच होता.