डाव्या कोपऱ्यातली शेवंती

६ जानेवारी १९८६
ग्राउंडवर आज चढाया नाहीत, पकडी नाहीत — नुसतं डोळे मिटून बसायचं! आमचे कोच सहदेवदादा, त्यांनी आम्हा कबड्डीच्या मुलींसाठी मनाचा कोच आणलाय. चंद्रप्रकाश सर, एम. ए. सायकॉलॉजी, फुंकर मारली तर उडतील. जन्मात कबड्डीचा 'क' उच्चारला नसेल. म्हणे, "डोळ्यांसमोर मॅच बघा. चढाईला गेलात, पॉइंट घेऊन परत आलात." पाच मिनिटांत मालन घोरायला लागली. सर खूश — "बघा, किती रिलॅक्स!"

मला मात्र घाम फुटला. मी चढाईला गेले तर डाव्या कोपऱ्यात ती उभीच. वेसाव्याची शेवंती! गेल्या वर्षी हिनेच माझा घोटा धरला आणि तो कट्‌कन मोडला. तेव्हापासून मी त्या बाजूला पाऊलच टाकत नाही.

७ जानेवारी
परत आऊट. माझ्याच डोक्यात मीच आऊट! इथेसुद्धा पॉइंट मिळू नये म्हणजे कमाल झाली.

१२ जानेवारी
सरांना सांगितलं. म्हणाले, "मग मनात तिला लहान करा." केली. लोणच्याच्या बरणीएवढी केली. बरणीएवढी शेवंती तुरुतुरु आली आणि घोटा धरला.

१९ जानेवारी
घरी डोळे मिटून बसले होते. तोंडाने "शेवंती, शेवंती" चाललं असणार. आईने ऐकलं. "गे चेडवा, ही शेवंती खंयची? कधी मेली?" म्हटलं, मेली नाही, अंधेरीच्या संघात आहे. पटलं नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. वर — "लगीन झाला काय सगळा जाता."

लग्नाचं तिने ठरवूनच टाकलंय. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेची फायनल बघायला एका कंपनीच्या टीमचे साहेब येणार आहेत. त्यांनी नोकरीला घेतलं तर ठीक, नाहीतर मे महिन्यात चारकोपचा मुलगा. मुलगा वाईट नाही. पण म्हणतो कसा, "लग्नानंतर कबड्डी कशाला? मी कॅरम खेळतो ना!"

३ फेब्रुवारी
आता शेवंती रोज येते. आज डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आली. म्हटलं, बस जरा, दमली असशील. चहा दिला. चहा संपवला, बशी पालथी घातली आणि घोटा धरला.

२३ फेब्रुवारी
अंधेरीविरुद्ध फायनल जिंकलो!!! शेवटची चढाई माझी, एक पॉइंट हवा, आणि वाट उरली फक्त डाव्या कोपऱ्यातून. तरी शिरले. शेवंतीचे हात घोट्याला लागले — आणि मी निसटले! सहदेवदादांनी सरांना खांद्यावर घेतलं. सर ओरडतायत, "खाली ठेवा, मला चक्कर येते!" साहेबांनी माझं नाव विचारून घेतलं. मनाची ताकद म्हणतात ती हीच!

२७ फेब्रुवारी
नोकरी पक्की! आईने चारकोपला तोंड गोड करून नकार कळवला. त्याच तोऱ्यात मी अंधेरीच्या मासळीबाजारात गेले. शेवंती तिच्या आईबरोबर मासळी विकायला बसलेली. म्हटलं, "काय गं, निसटले ना?"

तिने मासे कापायचं थांबवलं. "निसटली कुठं बाय? पाय हातात होता. मीच सोडला. गेल्या वर्षीचा तो आवाज अजून कानात आहे. कुणाचाच पाय धरवत नाही."

कंपनीला पकडीला एक मुलगी हवीय. रविवारी ट्रायल. तिला बोलावलंय, पण जाणार नाही म्हणते. "कोपऱ्यात उभी राहून काय करू, आरती?"

पापलेट न घेताच घरी आले. फार वाईट वाटलं. मी इकडे तिला बरणीत भरतेय, आणि ती तिकडे रोज माझा पाय मोडतेय!

१ मार्च
ट्रायल उद्यावर आली, म्हणून सकाळी वेसाव्याला गेले. शेवंतीला वाळूत बसवलं. म्हटलं, डोळे मीट, माझा पाय बघ. मोडलेला नको, हा आत्ताचा. मग तिला उभी केली आणि कबड्डी-कबड्डी करत तिच्या डाव्या कोपऱ्यात शिरले. पाय पुढे टाकला. "धर!"

धरला मेलीने. सोडायला तयार नाही. तोंडावर आपटले.

घोटा शाबूत आहे. दातांत अजून वाळू कचकचतेय.