खारं पाणी, दोन खोल्या

३ मे
नातीने मीठ आणलंय. बादलीभर! घरात खाणारी तोंडं दोन, त्यातलं एक बिनदाताचं. म्हटलं, माझं लोणचं घालतेस की काय?
"आजी, हे माशांचं. टाकीत समुद्र करायचाय."
मासे कुठेत? अजून नाहीत म्हणे. आधी पाणी, मग वाळू, मग दगड. त्या दगडांत जीव असतो म्हणे.
मी सांगते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही, पण हिने काही गाळलं तर तोंडावरून कळतं.

११ मे
रोज संध्याकाळी टाकीपुढे बसतो दोघी. आत दगड आणि पाणी. काही होत नाही. माझ्यासारखंच – दिवा चालू, हालचाल बंद.
ऑफिसने तिची बदली काढलीय. दूरच्या शहरात, बढती देऊन. कळवायला जुलैअखेरपर्यंत मुदत. "तू पण चल ना." मी नाही! याच खोलीत हे गेले, इथूनच मी जाणार.
– का थांबलीस? लिही.

२८ मे
दगडांवर तपकिरी मळ. "चांगलंय आजी, पाणी तयार होतंय." मळाचं कौतुक बघायचं राहिलं होतं. दमले.

१६ जून
मासे आले! दोन, नारिंगी, अंगठ्याएवढे. शिवाय एक कोळंबी, काचेसारखी आरपार. पोरगी किती दिवसांनी हसली.

९ जुलै
घात झाला. टाकीतलं पाणी रोज थोडं उतरायचं. ती ऑफिसात. मी आपली मीठ कालवून भर घालत होते – समुद्र म्हटल्यावर खारंच घालणार ना! कोळंबी मेली.
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.
"पाणी उडून जातं, आजी. मीठ खालीच राहतं. वरून साधंच पाणी घालायचं."
मग माझ्याकडे पाठ करून, "बदलीला नाही म्हणून कळवते. तुला एकटीला कशी ठेवू?"

१० जुलै
कंबर धरलीय. कोळंबी मारली, आता हिची बढती मारायला बसलेय.

१४ जुलै
ही ऑफिसात असताना शेजारणीकडून टाकीच्या मासेवाल्याला फोन लावला. टाकी दुसऱ्या गावी नेता येते का रे?
"येते की आजी. तेच पाणी पिंपात भरायचं, दगड ओले ठेवायचे, मासे पिशवीत. फक्त सावकाश न्यायचं."
तर लिही – मलाही तसंच न्या. सावकाश. पिंपात बसणार नाही म्हणावं, खिडकीजवळची जागा हवी.
बघतेस काय? आधी ऑफिसला फोन कर!