ऑपरेशन थिएटरातलं गाऱ्हाणं

प्रिय बाबा,

पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोन केला की तुम्ही "बरो आसय" म्हणता आणि लगेच फोन अक्षयाच्या हातात देता. माझ्याच वडिलांची खबर मला भावजयीकडून कळते. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही, म्हणून हा खटाटोप. गेल्या जत्रेपासून तुम्ही माणसांत बोलेनासे झाला आहात, तेव्हा आज मी बोलते, तुम्ही ऐका.

आमच्या कणकवलीच्या हॉस्पिटलात लातूरकडचे नवे सर्जन आलेत. माणूस हुशार, पण आपली माणसं बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाळाला हात लावला. मी इंजेक्शन भरत असले तरी पलीकडच्या खाटेवरची आजी विचारणार, "कोणाचा गो चेडू तू? गाव खंयचा?" कोणाची मुलगी ते सांगितलं नाही तर शिष्ट ठरायचं, सांगितलं तर तिच्या चुलतभावाची सासुरवाडी निघेपर्यंत सुटका नाही. ऑपरेशन थिएटरातही तीच तऱ्हा, हात चालू आणि तोंडंही चालू. सरांनी नियम केला की औषध भरताना आणि सामान मोजताना दुसरा शब्द काढायचा नाही. एकीने मोठ्याने म्हणायचं, बाकीच्यांनी डोळ्यांनी बघून होकार द्यायचा. नियम चांगलाच होता, पण आमचा होकार म्हणजे मास्कआडून नुसतं "हूं". आपल्याकडे "हूं" म्हणजे हो, नाही, बघूया, जेवलंस काय, काहीही असू शकतं.

आणि माझं स्वतःचं लक्ष तरी कुठे होतं. तुम्ही मला आईच्या नावाने हाक मारायला लागला होतात. गेल्या वर्षीच्या गणपतीत किल्ली हातात धरून घरभर किल्ली शोधलीत. मी हसण्यावारी नेलं, पण तेव्हापासून धास्तीच बसली. हातमोजे चढवायचे कणकवलीत आणि मन तुमच्या पडवीत, असे माझे दिवस चालले होते.

एकदा पोटाचं ऑपरेशन संपत आलं होतं. टाके घालण्याआधी पोटात ठेवलेल्या कापडी घड्या, आम्ही त्यांना मॉप म्हणतो, सगळ्या बाहेर आल्या ना ते मोजावं लागतं. मी मोजायला लागले आणि कसा कोण जाणे, आवाज तुमच्या चालीवर गेला. लहानपणापासून देवळात तुमच्या मागे उभी राहिलेली मी, मला दुसरी चाल येणार कुठून? "बा देवा म्हाराजा, मोठे मॉप पाच..." आणि कोपऱ्यातून आमचे जुने मदतनीस शिवामामा सवयीने बोलून गेले, "होय म्हाराजा." सगळे हसले. सर आता चिडणार असं वाटलं, पण त्यांनी विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, जत्रेला देवासमोर एकजण गावाचं गाऱ्हाणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यावर अख्खं गाव होय म्हणतं, माझे वडील मांडतात. 'मांडतात' म्हणाले मी, 'मांडायचे' असं तोंडातून निघेना. सर म्हणाले, मग हेच चालू ठेवा, आज पहिल्यांदा सगळे एका जागी बघत होते. तेव्हापासून आमच्याकडे रोज गाऱ्हाणं होतं. लातूरचा माणूससुद्धा आता सुरात होय म्हणतो.

श्रावणात तोंडवलीची एक बाई होती. मोजताना मी "मॉप पाच" म्हटलं आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. शिवामामा गप्प, माझ्याबरोबर मोजणारी विनीता सिस्टर गप्प. मला आधी रागच आला. मग तिच्या नजरेमागून पाहिलं, तर घड्या चारच होत्या. रोजच्या सवयीने मी पाच म्हणून गेले होते, मन पुन्हा पडवीत गेलं होतं. सरांनी सुई खाली ठेवली, शोधलं, पाचवी आतड्यामागे सापडली. ती बाई आता आपल्या दारात बसून मजेत कालवणाला सुंगटं सोलते. नुसतं गप्प राहून त्या दोघांनी तिलाही वाचवलं आणि मलाही.

घरी येताना एसटीत मला आपली जत्रा आठवली. देवांची नावं घेता घेता तुम्ही अडलात, आणि कुणीच होय म्हटलं नाही. गावाने पाठ फिरवली असं समजून तुम्ही नारळ खाली ठेवलात आणि घरी आलात. बाबा, त्यांनी तुम्हाला नाकारलं नव्हतं. अर्धवट मागणं पुढे जाऊ नये म्हणून ते थांबले होते. तुम्ही आठवेपर्यंत ते थांबले असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या महिन्यात गुडघ्याच्या नावावर मी तुम्हाला इकडे आणलं, रक्त काढलं, डोक्याचा फोटो काढवला. गुडघ्यासाठी डोक्याचा फोटो कशाला, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. आज डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघून सांगितलं, ज्याची भीती होती तो विसरण्याचा आजार नाही. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. आई गेल्यापासून तुम्ही माशाला हात लावला नाहीत, पेज आणि लोणच्यावर दिवस काढलेत, त्याचं हे फळ. इंजेक्शनांनी भरून निघेल, थोडे महिने लागतील. चहाच्या खोलीत जाऊन मी पोटभर रडले, मग दोन कप चहा प्याले. एवढं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. इंजेक्शन द्यायला मी येतेच आहे. पण आपल्या गावचे सुदेशकाका परवा भेटले, म्हणाले की तुम्ही देवळाच्या मानकऱ्यांना गाऱ्हाण्यासाठी दुसरा माणूस बघायला सांगितलंय. तो निरोप मागे घ्या. अडलात तर मागून नाव सांगायला मी उभी असेन. म्हणून आता माझंच गाऱ्हाणं ऐका. बा बाबा म्हाराजा, आज ह्या तुझा चेडू जा काय मागता, ता मान्य करून घी. इंजेक्शन चुकवू नुको, अक्षयान केलेला बांगड्याचा तिखला पुढ्यात इला तर ताट सारू नुको, आणि जत्रेक नारळ हातात घेवन उभो रव रे म्हाराजा.

अक्षया जवळच बसली असेल. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने "होय म्हाराजा" म्हणा. तिचा फोन आल्याशिवाय मी टाके घालायला घेणार नाही.

तुमचीच,
बाय (नम्रता)