तरीवर बसू नये

२ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे, नवरोबा आणि मी! नसरापूरला झोपलेला कुमार थेट धरणाच्या काठावर जागा झाला. समोर तीच लोखंडी तर, माझ्या लहानपणची, गाड्या आणि माणसं एकत्र पलीकडे नेणारी. रंग तेवढा नवा. सुट्टीत बाबांबरोबर यायचे, तेव्हा मधल्या पाण्यावर इंजिन बंद झालं की बाबा मला गाडीतून काढून उभं करायचे. मला वाटायचं, देखावा दाखवायला.

आजही तिथंच इंजिन बंद झालं. तरीवाले हैबती म्हणाले, खाली बुडालेलं गाव आहे, सगळ्यांनी उतरून उभं राहायचं. कुमारचा गुडघा सुजलेला. बसू द्या त्यांना, मी म्हटलं.

“बाई, हितं कुनी बसत न्हाई. उतरवा सायबांस्नी.”

मी हसले, उतरले आणि मीच त्याच्या बाजूचं दार लावून घेतलं. काचेआडून कुमारनं हात हलवला. हैबतींनी पाण्याकडे बघून हात जोडले.

४ नोव्हेंबर
सुट्टीसाठी घेतलेलं घर गोड आहे. कुमार पाण्याकडच्या खिडकीशी बसून असतो. संध्याकाळी धक्क्यावर पारूबाईच्या टपरीवर गेलो. दोन चहा सांगितले, तिनं एकच दिला. साहेबांचा कुठं, म्हटलं.

“सायेब आलं की देईन की! कवा येनार हायती?”

कुमार माझ्या शेजारीच उभा होता. थट्टा असावी. मला नाही आवडली.

७ नोव्हेंबर
त्याची उशी पिळली, तर पाणी निघालं. अंगाला गाळाचा वास. भोरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलाच तपासलं आणि हळूच विचारलं, घरी सोबतीला कुणी आहे का.

८ नोव्हेंबर
हैबतींना गाठलं. आधी दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “उभा ऱ्हातो त्यो वाटसरू. बसला त्यो खालच्यांचा पाव्हना. पाव्हन्याला ती सोडत न्हाईत. त्या दिशी धक्क्यावर तुमी एकल्याच उतरला, बाई.”

सोडवायचं कसं? त्याच जागी दुसरं कुणी बसलं तर पहिला उठतो, असं बोलून गेले आणि जीभ चावली. बसू नका म्हणून पाया पडले माझ्या.

पण कुमारला अंधारात एकटं झोपवत नाही. कधीच नाही झोपवलं.

९ नोव्हेंबर, तरीवर
त्याच्या सीटवर मी. सीट आधीच ओली. कुमार मागे. इंजिन बंद —

उतरला! सरळ, ताठ, गालांवर रंग. हैबती त्याला ‘या सायेब’ म्हणाले. दिसतोय तो त्यांना. देवा, दिसतोय!

काठ आला. गाडी तोच चालवतोय. माझ्याकडे बघत नाही. मी हात धरला — त्यानं बाही झटकली, पाणी उडाल्यावर झटकतात तशी.

टपरीशी थांबला. उतरला. माझं दार उघडत नाही. बाहेर रस्ता कोरडा. आत पाणी घोट्यापर्यंत —

“सायेब, एकलेच?”

एकटाच, म्हणाला. पहिल्यापासून. हसला. पारूबाईनं एकच कप भरला.

पोटरीपर्यंत — कुमार, काच — इकडे बघ —

खाली कुणीतरी माझे पाय धुतंय. पाहुण्यांचे धुतात तसे. अगदी मायेनं, बोटांच्या मध