प्लाझ्मा टिकला त्या संध्याकाळी

देऊळघाट, सोमवार, दिवेलागण

बाबांनी आज कपाशीची बोंडं फोडून पाहिली. अळीला रोखणारं बीटी बियाणं असूनही जवळजवळ प्रत्येकात गुलाबी अळी. घरी आले, हातपाय धुतले आणि ओसरीवर माझ्याशेजारी बसले.

"सारी पऱ्हाटी उपटा लागते," एवढंच बोलले.

नेमकं आजच माझं काम जमलं होतं. सुटीला आल्यापासून लॅपटॉपवर तेच चाललंय: चुंबकांच्या कड्यात कोंडलेला प्लाझ्मा, म्हणजे सूर्यासारखा तापलेला विद्युतभारित वायू, स्थिर राहतो का, हे गणितातून बघायचं. रोज तो डगमगायचा आणि भिंतीला धडकायचा. रोज बाबा विचारायचे, "टिकला काय तुया विस्तव?" आज टिकला. पण सांगू कसं? आज?

त्यांनीच विचारलं. मी खाली बघून म्हटलं, "हो बाबा."

"दाखव बरं."

पडद्यावर ते तेजाचं कडं हललं, वाकडं झालं आणि हळूहळू जागेवर आलं. बाबा एकटक बघत होते.

"पुन्हा लाव." मग चुलीकडे हाक मारली, "अवं, इकडे ये. पोरीचा विस्तव टिकला."

आई पिठाच्या हातांनी आली. "अन् कपाशीचं काय झालं?"

"ते सांगतो. आधी हे पाह्य."

किती वेळा दाखवलं कोण जाणे. मला आनंद झाला होता की रडू येत होतं? दोन्ही असेल. उद्या उपटायला मीही येते म्हटलं, तर एरवीसारखं नको म्हणाले नाहीत.

"माया जुना सदरा घालजो," म्हणाले. "हात खरचटतात."