दलदलीतलं विमान आणि त्याचे तीन मालक

वेस्टरफेन, ऑक्टोबर १९७६

आदरणीय टाम्मोभावोजी यांस,

नमस्कार. तुमची कंबरदुखी आणि आन्त्येताईचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. माझं म्हणाल तर मी चहाने फुगून मरणार आहे, आणि याला आपलं ग्राममंडळ जबाबदार राहील. निवृत्त मास्तर रिकामाच असतो, अशा समजुतीने त्यांनी मला काम दिलं: युद्धात आपल्या दलदलीत पडलेलं इंग्रजांचं बाँबफेकी विमान नेमकं कुणी पाडलं याची शहानिशा करा, म्हणजे तिथल्या स्मारकाच्या दगडावर नाव कोरता येईल. शहानिशा म्हणजे घरोघर जाणं, आणि आपल्याकडे घरात शिरलं की तीन कपांशिवाय सुटका नाही. कपात चमचा ठेवून ‘पुरे’ म्हणावं, तर चहाबरोबर माहितीही थांबते. (इलर्ट ओन्केन तर असे रुसले, की गोष्टीतलं विमान पेटवून ते हवेतच सोडून दिलं.)

इलर्टना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. युद्धभर त्यांच्या विमानात वायरलेस घेऊन मागे बसलात. त्यांच्या मते एकच फैर, डावा पंख, खलास. शेजारच्या गावचे फोको बेरेन्ड्स तेव्हा दुसरं विमान उडवत. ते म्हणाले, “इलर्ट? अहो मास्तर, त्याला भरदिवसा चर्च सापडत नाही, अंधारात विमान कुठलं सापडायला!” तोफेवरचा हाब्बो म्हणाला, “हे दोघं नुसते वर घिरट्या घालत होते. पाडलं आम्ही. आमची गाय साक्षीला होती.” (गाय वारली आहे.) तीस वर्षं तिघं एकाच टेबलावर पत्ते खेळतात आणि एकाच विमानावरून भांडतात.

गेल्या आठवड्यात इंग्लंडहून विनिफ्रेड ॲस्किन नावाच्या बाईंचं पत्र आलं. त्यांचा भाऊ त्या विमानात होता. तो सापडलाच नाही. शनिवारी त्या जागा बघायला येताहेत, आणि त्या रात्री आकाशात असलेल्यांना भेटायचंय. मी पत्र पत्त्यांच्या टेबलावर वाचून दाखवलं. इलर्टनी हातातली पानं पालथी ठेवली.

मग इलर्ट म्हणाले, “खरं सांगायचं तर नेम फोकोचाच चांगला होता.”

“छे, छे! तू मोठ्या मनाने देशील, पण मी कसं घेऊ? मी तेव्हा रजेवर असेन.”

“आणि आमची तोफ नेहमी अडकायची,” हाब्बो म्हणाला.

तेव्हा माझ्या शहानिशेचा निष्कर्ष असा, की विमान दमलं आणि आपणहून खाली बसलं. पाथरवट विचारतोय, काय कोरू?

ताईला नमस्कार.

आपला,
हिनरिक

ता. क. शनिवारी तुम्ही या. इलर्टची पाठ आत्ताच धरली आहे, फोको मुलीकडे चाललेत, हाब्बो फोन उचलत नाही. तुम्ही तोंड शेपटाकडे करून बसायचात. ते विमान खाली जाताना सगळ्यात शेवटपर्यंत तुम्हीच पाहिलं असणार.

पुन्हा ता. क. काल बाईंचा फोन आला. मी मोडक्या इंग्रजीत सगळ्यांच्या वतीने सारवासारव सुरू केली, तर कुणी पाडलं हे त्यांनी विचारलंच नाही. त्यातून कुणी उडी मारताना दिसलं का, एवढंच त्यांना हवंय. दगडावर फक्त त्या विमानातल्या पोरांची नावं येतील. पाथरवटाला तसं सांगून आलो.

आणखी एक. गेल्या हिवाळ्यात तुमचे रबरी बूट नेले होते. धुऊन सोबत पाठवले आहेत. घालूनच या, तिथे अजून पाय रुततो.