शासनाची जीप

बाबा, रविवारी उपदेशाला मला उभं राहायचं आहे. पाळक गावाला गेलेत आणि शास्त्रभाग नेमका तोच आलाय, देव आपल्या लेकरांना शासन करतो तो. दुष्काळाच्या वर्षी निलंग्याच्या आपल्या लहानशा चर्चमध्ये तुम्ही तो वाचला होता. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, विहिरी आटल्या होत्या, आणि तुम्ही सांगत होता, "देव शासन करायलाय. मारतेत ते आपल्याच लेकराला, शेजाऱ्याच्या लेकराला कोण हात लावतंय? वळण लागावं म्हणून करतो त्यो." मी पुढे सतरंजीवर बसलेलो. शासन हा शब्द मी तोवर एकाच ठिकाणी वाचला होता, नव्या जिल्ह्याच्या सरकारी जीपवर.

त्याच आठवड्यात धाकटीला गढूळ पाण्यानं हगवण लागली. चार वर्षांची पोर. त्याच जीपमधून तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं. तुम्ही आणि आई तिला तिकडंच माती देऊन परत आलात, आणि मला कुणी काही सांगितलं नाही.

मग शाळा सुटली की मी फाट्यावर जाऊन बसायचो. एक दिवस तुम्ही शोधत आलात.

"हितं काय करायलास?"

"जीप बघायलोय. देवाच्या शासनानं नेलंय न्हवं तिला? वळण लागलं की आणून सोडतील की."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही माझ्याशेजारी फुफाट्यात बसलात. रस्त्याकडे बघत म्हणालात, "तिला कशाचं वळण लावायचं व्हतं रे." ते मला विचारलेलं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

त्यानंतर तुम्ही प्रार्थना सोडली नाही, उपदेश सोडला नाही, पण तो शब्द तुमच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. कुणाकडे मयत झाली की तुम्ही बायबल न उघडता नुसते जाऊन बसायचात, चहा आला तर प्यायचात, उठायची घाई करायचा नाहीत. तुम्हाला लागलेलं वळण ते हेच का? असेल तर फार महाग पडलं, बाबा. तुम्ही त्या दिवशी देवावर चिडला असतात तर मलाही चिडता आलं असतं. आता तो भाग वाचतो तेव्हा राग येत नाही, रडूही येत नाही. झोपेत अंगाखाली आलेला हात चाचपून बघावा आणि तो बधिर निघावा, तसं आहे.

रविवारी काय बोलणार, ठरलेलं नाही. हा कागदही कुठं पाठवायचा नाही. पण एक सांगतो. रस्त्यात तशी जीप थांबली की अजूनही मी आधी मागच्या सीटकडे बघतो.